अण्णांच्या डब्यातले रुमाल

हे लिहावं की नाही, या विचारात दिवाळीची निम्मी सुट्टी गेली. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मनावर ठसलेल्या माणसाबद्दल लिहा, असं आमच्या मराठीच्या सरांनी सांगितलं, तेव्हा वर्गातल्या मुलांनी भराभर नावं घेतली. कुणाचे आजोबा सत्याग्रहात गेलेले, कुणाचे मामा कलेक्टर कचेरीत. माझ्या डोळ्यांपुढे आलेलं माणूस एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेलं होतं आणि लोकांच्या गाड्यांच्या हवेच्या जाळ्या साफ करून देत होतं. अशा माणसावर लिहितात का, हे मला माहीत नाही. आमच्या घरात कागदावर चार ओळी लिहिणारा मी पहिलाच, त्यामुळे चुकलं तर सांगणारंही घरात कोणी नाही. शिवाय या माणसाचं, म्हणजे साळवे अण्णांचं, लहानपण, त्यांचं गाव, नोकरीतले दिवस, यातलं मला फार थोडं ठाऊक आहे. मी तीन वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो, एवढाच माझा अधिकार. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातला. कॉलेजसाठी नगरला आलो आणि केडगावात खोली शोधत फिरलो. दोन-तीन घरी पहिला प्रश्न आडनावाचा झाला. अण्णांनी आडनाव विचारलं नाही. ते अंगणातल्या नळाशी बसून कसली तरी जाळी धूत होते. मान वर न करता म्हणाले, "झाडू मारता येतो का?"

मी म्हणालो, "येतो."

"कोरडा न्हाई. आधी पानी शिंपडायचं, मंग झाडायचं. घरात दम्याचं मानूस हाय. धूळ उडाली तर खोली त्याच दिशी खाली करावी लागंल."

दम्याचं माणूस म्हणजे सुमनकाकू, अण्णांची बायको. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. एक वाक्य दोन श्वासांत बोलायच्या, पण त्या वाक्यात एक शब्द जास्तीचा नसायचा. अण्णांनी त्या दिवसापासून मला नावानं कधी हाक मारली नाही. मी त्यांचा 'अकोलेकर' झालो.

पहिल्या वर्षी वडील मला भेटायला आले, ते तांदळाचं गाठोडं घेऊन. अण्णांच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. वडिलांनी ती दारातूनच पाहिली आणि ते ओट्यावर बसले. आत येईनात. अण्णा आत गेले, दोन कप चहा घेऊन बाहेर आले आणि वडिलांच्या शेजारी पायरीवर बसून भंडारदऱ्याला पाणी किती आहे ते विचारू लागले. वडिलांनी कप थोडा वेळ नुसता हातात धरला. मग प्याले. पुढे वडील आतही आले, पण ते तिसऱ्या खेपेला. तोवर अण्णा दर वेळी पायरीवरच चहा प्यायले.

अण्णा नेहमी पांढरा सदरा घालत. वर्कशॉपमध्ये सगळे खाकी घालत तेव्हाही ते आतून पांढराच घालत, असं काकू सांगायच्या. गाड्यांची कामं करणाऱ्यानं पांढरं घालावं, याचं मला नवल वाटायचं. एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "मळ दिसला पायजे, अकोलेकर. खाकीत मळ लपतो. मंग मानसाला वाटतं, आपन स्वच्छ हाओत."

नोकरीत तीस वर्षं त्यांनी मुख्यतः एकच काम केलं. बसच्या इंजिनाला हवा जिथून जाते तिथली जाळी उघडायची, गाळ काढायचा, धुवायची, नवं तेल घालायचं आणि परत बसवायची. आपल्याकडची धूळ बारीक. तेल असलं की ती चिकटून बसते, इंजिनात जात नाही. निवृत्तीनंतरही ओळखीचे जीपवाले, टेम्पोवाले त्यांच्याकडे येत. अण्णा आधी कान देऊन इंजिन ऐकत आणि विचारत, "श्वास घेती का गाडी?" नवी जाळी घ्या, असं ते सहसा म्हणत नसत. "सांगाडा चांगला हाय. नुसतं कापड गेलंय. कापडासाठी सांगाडा कोन फेकतं?" असं म्हणून जुन्यातलंच काहीतरी जुळवून देत.

काम झालं की त्यांची एक परीक्षा असे. जाळीतून गाळलेली हवा जिथून बाहेर येते त्या तोंडावर ते एक धुतलेला पांढरा रुमाल ताणून बांधत आणि गाडी कच्च्या रस्त्यानं फिरवून आणायला लावत. परत आल्यावर रुमाल सोडून उजेडात धरायचा. पांढरा राहिला तर काम पास. मग त्यावर कोपऱ्यात गाडीचा नंबर आणि गावाचं नाव शाईनं लिहून तो बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. डब्यात सोनई, राहुरी, पारनेर, कुठकुठले रुमाल होते. नापास रुमालही ते फेकत नसत. त्यावर काय चुकलं ते लिहीत. 'कडेनं हवा गेली.' 'कापड विरळ.' काकू म्हणायच्या, "लोक फोटो जपतात, आमच्याकडं धुळीचे रुमाल."

मी तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. अण्णांची एकुलती मुलगी, आशाताई, अकोल्याला दिलेली. जावई तिथं शाळेत शिक्षक. आशाताईंचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी येणं नव्हतं. त्यांनी पत्रात एवढंच लिहिलं होतं, की आई, या खेपेला तू जवळ पाहिजेस. ते पत्र काकूंच्या उशाखाली असायचं. पण केडगाव ते अकोले हा रस्ता काकूंना झेपणारा नव्हता. आधीच्या वर्षी त्या एस.टी.नं निघाल्या होत्या आणि खिडक्यांतून येणाऱ्या धुळीनं संगमनेरच्या अलीकडेच त्यांना धाप लागली होती. आता तर रस्ता रुंदीकरणासाठी जागोजाग उकरलेला.

शेजारी लोंढेशेठ राहत. विटा-वाळूचा त्यांचा धंदा. त्यांनी मुंबईच्या मेव्हण्याकडून परदेशी बनावटीची एक जुनी, काचा बंद करून आत गारवा लावता येणारी गाडी आणली होती. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी अजून काढलेलं नव्हतं. अण्णांनी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "वहिनींसाठी गाडी कधीबी. पन अण्णा, गारवा लावला का आत मेल्या उंदरावानी वास मारतो. आन् धूळबी येती. काच लावून धूळ येती म्हंजे काय?"

अण्णांनी गाडी अंगणात घ्यायला सांगितली. पुढच्या डाव्या सीटसमोरचा खण त्यांनी काढला, आत हात घातला आणि बराच वेळ चाचपून एक चपटी चौकोनी चौकट बाहेर ओढली. तिच्यातला घड्यांचा कागद काळा पडून फाटला होता आणि घड्यांमध्ये चक्क उंदराचं घरटं होतं. शेंगदाण्याची टरफलं, कापूस, लग्नपत्रिकेचा तुकडा.

लोंढेशेठ वाकून बघत म्हणाले, "हे काय, इंजिनाचं फिल्टर इथं कशाला बसिवलंय?"

"इंजिनाचं न्हाई. मानसाचं हाय." अण्णा स्वतःही ते पहिल्यांदाच पाहत होते. चौकट हातात धरून ते लहान मुलासारखे हसले. "बाहेरची हवा यातून गाळून आत येती. बघ की सुमन, तुज्यासाठी आधीच कुनीतरी इचार करून ठिवलाय."

"बुजगावण्याला कोट शिवावा तसंय हे," लोंढेशेठ म्हणाले. "माझं आयुष्य वाळूत गेलं, अन् गाडी मला गाळून हवा देती व्हय?"

नवं फिल्टर मुंबईहून मागवावं लागणार होतं. त्याची किंमत ऐकून लोंढेशेठनी गाडीचं दार लावून टाकलं, आणि ते येईपर्यंत आशाताईंचे दिवस थांबणार नव्हते. अण्णा म्हणाले, "सांगाडा चांगला हाय."

त्यांनी चौकट धुतली. शिंपी कॉलरमध्ये घालतात ते न विणलेलं, कागदासारखं पांढरं कापड आणलं. पण त्याच्या घड्या काही एकसारख्या पडेनात. एक रुंद, एक अरुंद. अण्णांचे हात पान्ह्याला सरावलेले. काकू दाराशी बसून बघत होत्या. शेवटी त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडं. निऱ्या घालायच्यात ना?"

आणि खरंच, त्यांनी ते कापड मांडीवर घेऊन लुगड्याच्या निऱ्या घालतात तशा चिमटीत एकेक घडी घेतली. सगळ्या एका मापाच्या. प्रत्येक घडीच्या टोकाला अण्णांनी टाका घातला, कडेनं चौकटीला कापड चिकटवलं आणि कुठून फट राहिली का, ते उजेडात धरून पाहिलं. बाहेरच्या कामांत दहादा खोलून बसवणारे अण्णा त्या दिवशी एकदाच, सावकाश बसवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात रुमाल बांधून लोंढेशेठनी गाडी फिरवून आणली. रुमाल पांढराफेक निघाला.

त्याच दिवशी आम्ही निघालो. मला परीक्षेनंतर गावी जायचंच होतं, म्हणून अण्णांनी मलाही बसवलं. मी मोटारीत त्या दिवशी पहिल्यांदा बसलो. हे लिहायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

लोंढेशेठना गिऱ्हाईक आलं, त्यामुळे निघायला अकरा वाजले. चैत्रातलं ऊन. काचा बंद, गारवा चालू. नगर मागं पडलं तसा मला एक वास येऊ लागला. गोडसर, तेलकट. मला वाटलं, मोटारीला असाच वास येत असेल. विचारायची लाज वाटली. लोंढेशेठच्या तोंडात तंबाखू होती. अण्णांना तीस वर्षं डिझेलच्या धुरात काढल्यावर कसलाच वास येत नसे. आणि काकूंना, हे त्यांनीच मागाहून सांगितलं, तो वास माझ्याही आधी आला होता, पण त्या बोलल्या असत्या तर गाडी मागं फिरली असती. असे आम्ही चौघंही गप्प होतो.

राहुरीच्या आसपास काकूंनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. अण्णांनी गाडी थांबवायला लावली, काचा खाली केल्या, त्यांना लिंबाच्या सावलीत बसवलं. फवाऱ्याचा पंप दोनदा मारूनही उतार पडेना. मग जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तासभर निजवलं आणि सांगितलं, "आता पुढं न्यायचं नाही. घरी जा."

त्या तासात अण्णांनी उन्हात उभं राहून चौकट बाहेर काढली आणि माझ्यापुढे धरली. "अकोलेकर, वास घे."

मी घेतला. तोच वास होता.

"तेलाचा हात मारला मी," अण्णा म्हणाले. "काल, बसवायच्या आधी. मला म्हाइतबी न्हाई कवा मारला. बसच्या जाळीला मारतो तसा." मग स्वतःशीच म्हणाले, "इंजिनाला नाक नसतं."

मी तेव्हा सांगितलं, की मला वास आला होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हवेच्या तोंडावर निघताना बांधलेला रुमाल सोडला. तो पांढरा होता. त्याची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

आम्ही केडगावला परतलो, आणि मीही गावी जायचं लांबवलं. तिसऱ्या दिवशी आशाताई बाळंत झाल्या. मुलगी झाली. त्यांना फार त्रास झाला, पण दोघी सुखरूप होत्या. आठवड्यानं अण्णा टेलिफोनच्या दुकानात बोलायला गेले, तेव्हा मी सोबत होतो. पलीकडून आशाताईंनी विचारलं असावं, की आई का आली नाही. अण्णा म्हणाले, "तिची काई चूक न्हाई. माज्यामुळं न्हाई आली." जास्त काही सांगितलं नाही.

घरी त्यांनी दोन दिवस एकही जाळी हातात घेतली नाही. काकूच शेवटी म्हणाल्या, "तीस वर्षांचा हात... तुम्हाला विचारून थोडाच चालतो. आता नामकरणाला तरी जाऊ. दुसरं करा."

"नको. पुन्ना तसं झालं तर?"

"निऱ्या मी घालते," काकू म्हणाल्या. "तेलाची बाटली अकोलेकराच्या खोलीत ठेवा."

बाटली खरंच माझ्या खोलीत आली, आणि मी दारं-खिडक्या लावून तिच्यावर पहारा केल्यासारखा पुस्तक वाचत बसलो. दुसरं फिल्टर तयार झालं. या खेपेला अण्णांनी रुमालाआधी मला गाडीत बसवलं. "तुजं नाक डोंगरातलं. अजून कोरं हाय. काच लावून बस. आन् आता गप बसू नको. काई बी वाटलं तरी बोल."

मी बसलो. थोड्या वेळानं भीत भीत म्हणालो, "अण्णा, साबणाचा वास येतोय. अगदी थोडा."

लोंढेशेठ म्हणाले, "साबनाचा वास चांगलाच की. लोक पैसे देऊन घेत्यात." पण अण्णांनी चौकट काढली, नुसत्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळली आणि दोन दिवस उन्हात वाळवली. मी पुन्हा बसलो. काहीच वास आला नाही.

तेव्हा काकू म्हणाल्या, "आता मी बसते."

भर दुपारी, अंगणात, गाडी चालू ठेवून, काचा लावून काकू मागच्या सीटवर बसल्या. नुसतं काय बसायचं, म्हणून त्यांनी सूप आत घेतलं आणि माझ्या वडिलांनी आणलेला तांदूळ निवडायला घेतला. अण्णा दाराची मूठ हातात धरून बाहेर उभे राहिले. डोक्यावर ऊन होतं. लोंढेशेठ म्हणाले, "अण्णा, सावलीत तरी या. पळून चालल्यात का वहिनी?" अण्णा हलले नाहीत. ते काचेतून काकूंच्या खांद्यांकडे बघत होते, श्वासासरशी किती वर जातात ते मोजल्यासारखे. काकूंनी एकदा मान वर करून पाहिलं, एक खडा चिमटीत धरून काचेशी आणून त्यांना दाखवला आणि बाजूला टाकला. तासाभरानं सगळा तांदूळ निवडून झाला. मग त्यांनीच आतून काचेवर टकटक केली. अण्णांनी दार उघडलं.

"गार आहे आत," काकू म्हणाल्या. "तुम्ही मात्र भाजून निघालात."

नामकरणाला आम्ही पोचलो. संगमनेरच्या पुढं उकरलेल्या रस्त्यात समोरचा ट्रक दिसेना इतकी धूळ होती, आणि काकू मला माझ्या निकालाबद्दल विचारत होत्या. आशाताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मूल काकूंच्या हातात दिलं. काकूंनी त्याला छातीशी धरलं आणि त्या भिंतीला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. अण्णा आत आले नाहीत. ते गाडीचा खण उघडून चौकट बाहेर काढत होते. तिच्यावरची लाल माती त्यांनी तळहातावर तीनदा झटकली आणि आत कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "एवढी सुमनच्या छातीत जानार व्हती."

जूनमध्ये मी खोली सोडली आणि एम.ए.ला संगमनेरला आलो. निघालो त्या सकाळी अण्णा नळाशी बसले होते. एक धुतलेली जाळी त्यांनी दोन्ही हातांनी सूर्यासमोर धरली होती आणि तिच्यातून पाहत होते. मी पाया पडायला वाकलो, तर पाय मागं घेतले. "पाया पडू नको. पत्र लिही," म्हणाले. सदऱ्यावर उन्हाचे बारीक ठिपके पडले होते. त्यांना खोकला झाला होता, पण तो त्यांना कायमच असे. मी पत्र लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

दिवाळीला गावी गेलो, तेव्हा वडिलांनी तांदळाच्या कणगीमागच्या कोनाड्यातून एक बंद पत्र काढून दिलं. भाद्रपदात आलेलं. त्यांना वाचता येत नाही आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं त्यांना बरं वाटलं नाही. पोरगं आल्यावर वाचंल, म्हणून ठेवून दिलं.

पत्र आशाताईंचं होतं. अण्णा श्रावणात गेले. छातीत पाणी झालं होतं. सगळ्यांचं लक्ष आईच्या श्वासाकडे, अण्णांकडे कुणी पाहिलंच नाही, असं आशाताईंनी लिहिलं होतं. काकू आता लेकीकडे अकोल्याला आहेत, लोंढेशेठच आणून सोडून गेले. येताना काकूंनी फक्त तो बिस्किटांचा डबा मांडीवर घेतला होता. पुढे लिहिलं होतं :

"डब्यात सगळ्यात वर एक रुमाल आहे. त्यावर गाडीचा नंबर नाही. अण्णांच्या अक्षरात लिहिलंय – राहुरी. रुमाल पांढरा. सुमनला त्रास. तिला विचारायचं राहिलं. आईला विचारलं तर ती काही सांगत नाही, नुसता रुमाल हातात धरून बसते. तुम्ही गाडीत होतात. तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा."

मी ते सगळं वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वडील उठून कणगीशी गेले.

"औंदाचा तांदूळ भरडून झालाय," ते म्हणाले. "काकूंना नेऊन दे. आन् नुसता गप बसून येऊ नको. बोल त्यांच्याशी."